मानेला मिळालेला मान

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, मानेचा. आत स्पंज, बाहेर कापड, मागे चिकटपट्टी. रुबाब म्हणाल तर शून्य.

माझी मालकीण शिवणकाम करते. वीस वर्षं मशीनवर मान खाली घालून बसली. "मान वर करायला फुरसत नाही," असं कौतुकाने सांगायची. शेवटी मानेनेच संप केला. गोळ्या झाल्या, मलमं झाली, शेक झाला. मग डॉक्टरांनी मला बांधलं आणि बजावलं, "दोनच आठवडे हं! नंतर व्यायाम."

मला येऊन आठ महिने झाले.

खरं सांगू? दुखणं केव्हाच कमी झालंय. पण पहिल्या दिवशी ती मला लावून जिना उतरली, तर तळमजल्यावरच्या आजोबांनी पेपर बाजूला ठेवला. "काय झालं गं पोरी?" समोरच्या वहिनी तर बाहेरच आल्या. "अगं बाई! आधी झोपतेस ती उशी फेक. माझ्या नणंदेचं अस्संच झालं होतं!" लेक परगावी गेल्यापासून एका दिवसात इतकी माणसं तिच्याशी बोलली नव्हती. माझ्यामुळे मानेला मान मिळाला.

एकदा मला खुंटीला अडकवून गेली. "सुटलीस बाई एकदाची!" म्हणून वहिनींनी दार लावून घेतलं. त्याच दुपारी मी पुन्हा गळ्यात.

परवा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला काढून मान चाचपली. "ताई, पार लेचीपेची झालीय. अजून घातलात तर मान स्वतःचं काम विसरेल. दुखत नाही, तर घालता कशाला?"

तिने मला बाईंच्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "हा असला की लोक विचारतात हो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

आता मी खणात, चिंध्यांखाली. मला करमत नाही, पण माझं सोडा. ती रोज आरशासमोर बसते. मान दहा वेळा खाली-वर, दहा वेळा डावी-उजवीकडे. म्हणजे दहादा 'हो', दहादा 'नाही'. विचारणारं मात्र समोर कुणी नसतं.

तेवढ्यासाठी बोललो. जिन्यात भेटली, तर गळ्यात मी नसलो तरी थांबा. "बसतेस का घटकाभर?" एवढंच विचारा. 'हो' म्हणायची तिची तयारी रोज चाललीय.