सहावं पीस

वहिनी नाकावर माशी बसू देत नसत. क्लबच्या जर्सीवर छातीशी जो खंड्या पक्षी असतो, तो मशीनवर भरायचं काम त्यांच्याकडे होतं. नऊ वर्षं एकाच खुर्चीवर बसून त्या एकच पक्षी भरत होत्या, आणि अजूनही प्रत्येक खंड्या हातावेगळा करण्याआधी खिडकीच्या उजेडात धरून बघत. पंखाला पिसं सहा. सहावं अगदी अंगाशी, करंगळीच्या नखाएवढं आणि फिकट निळं. त्या एवढ्याशा पिसासाठी दोरा बदलावा लागतो आणि कापड ताणून धरणारी गोल कडी सोडून पुन्हा आवळावी लागते. रस्त्यावर नकली जर्सी टांगून बसणारे काय भरतात, हे वहिनींनी कधी बघितलंच नव्हतं. नकली जर्सी घातलेला माणूस समोरून आला, की त्या मान फिरवून दुसऱ्या बाजूने जात.

घरी त्या वहिनी होत्या हे ठीक, पण शिलाईखोलीतही वहिनीच झाल्या, त्याला कारण त्यांचे धाकटे दीर. वहिनींनीच शब्द टाकून त्यांना क्लबात चिकटवलं होतं. खोलीतला तयार माल हातगाडीवर घालून मैदानाच्या पलीकडच्या दुकानात पोहोचवायचा, हे त्यांचं काम. दिवसातून आठ वेळा ते दारात येऊन "वहिनी, किती पीस?" असं ओरडत. मग खोलीतली एखादी बाई हमखास म्हणायची, "एका पंखाला सहा!" विनोद आठ-नऊ वर्षांचा होता, पण हसायला अजून चालायचा.

आणि मग क्लबात मोबाईलचं ते प्रकरण आलं. जाहिरात विभागाच्या साहेबांनी 'खंड्या उडवा' नावाचं ॲप काढलं. अस्सल जर्सीवरच्या पक्ष्यावर फोन धरायचा, की पडद्यावर तो पक्षी कापडातून सुटून भर्रकन उडतो, तुमच्याभोवती घिरट्या घालतो, आणि पाठोपाठ संघाचा कप्तान तुमच्याच खोलीत उभा राहून म्हणतो, "तू आहेस म्हणून आम्ही आहोत!" याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात असं साहेबांनी खोलीत येऊन समजावलं. बायकांनी त्याचं 'आगमन रिॲलिटी' केलं आणि साहेबांचं नाव उडवासाहेब ठेवलं. वहिनींना मात्र मनातून बरं वाटलं होतं. नऊ वर्षं भरलेला पक्षी एकदाचा उडणार होता.

तो उडाला नाही. पहिल्याच दिवशी दुकानात बोंब झाली. लोक नवीकोरी जर्सी छातीशी धरून उभे, आणि पडद्यावर लाल अक्षरं: हा बिल्ला ओळखता आला नाही, कृपया अस्सल जर्सी घ्या. दहातला एखादा पक्षी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला कसाबसा उडे. आणि गंमत म्हणजे मैदानाबाहेर रस्त्यावर दोरीला टांगलेल्या जर्सीवर फोन धरला, की खंड्या झोकात उडत होता!

उडवासाहेबांनी याचा अर्थ लावायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. दुकानात नकली माल आणि रस्त्यावर अस्सल. म्हणजे मधल्या मध्ये कुणीतरी अदलाबदल करतंय. फोन कशाला खोटं बोलेल? ज्या जर्सीवरून ॲप बनवलं होतं ती त्यांनी दुकानात काचेच्या चौकटीत लावली होती, आणि तिच्यावरचा पक्षी न चुकता उडत होता.

ते शिलाईखोलीत आले. एरवी हसतमुख माणूस, पण आज खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

"इथून दुकानापर्यंत माल कोण नेतं?"

मशिनं थांबली. सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "माझे दीर नेतात."

"एकटेच?"

"एकटेच."

साहेब "बरं" म्हणाले आणि गेले. ते 'बरं' वहिनींच्या डोक्यातून दिवसभर जाईना. आपल्या हातून पीस चोख जातो, याबद्दल त्या छाती ठोकून सांगायला तयार होत्या. मग बिघडतं कुठे? इथून तिथवर एकच गाडी आणि एकच माणूस. वहिनींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली ती गप्प बसेना.

आता त्यांना काय काय दिसू लागलं! सात मिनिटांच्या वाटेला भावजींना बारा मिनिटं लागतात. पाण्याच्या टाकीमागे उभे राहून ते फोनवर बोलतात, आणि कुणी आलं की आवाज खाली करतात. पायात नवे बूट आलेत. गेले चार दिवस ते दारात येऊन "किती पीस?" असं ओरडतही नाहीत, मुकाट्याने खोके उचलतात आणि वहिनींच्या डोळ्याला डोळा भिडवत नाहीत. यातलं एकेक वेगळं घेतलं तर काहीच नव्हतं. पण संशय घेणारा माणूस वेगळं वेगळं कुठे घेतो?

गुरुवारी संध्याकाळी भावजी अंघोळीला गेले, तेव्हा वहिनींनी त्यांची पिशवी उघडली. डबा, कंगवा, रुमाल. आणि डब्याभोवती गुंडाळलेलं जर्सीचं पारदर्शक पाकीट, क्लबचा शिक्का असलेलं. आत जर्सी नव्हती.

"काय शोधताय वहिनी?"

भावजी खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे होते.

"हे पाकीट तुमच्याकडे कसं?"

"डबा गळतो. म्हणून त्यात घालतो."

"आणि पाकिटातली जर्सी?"

भावजींनी टॉवेल दोरीवर टाकला. मग म्हणाले, "फाटकं पाकीट होतं. दुकानात फेकून दिलेलं."

"भावजी, ही नोकरी तुम्हाला मी लावली. माझं नाव घालवायचं असेल तर आधी सांगा, म्हणजे मला निदान तोंड लपवता येईल."

"अगं, काय बोलतेस तू!" कोपऱ्यातून नवरा म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका. उद्या साहेबांनी बोलावलंय आम्हा दोघांना. चोर म्हणून घरी पाठवतील, तेव्हा बोला."

चोर हा शब्द तोंडातून गेला तसा त्यांनाच चटका बसला, पण तो परत घ्यायला त्या तयार नव्हत्या. भावजींनी पिशवीची चेन लावली आणि पिशवी खुंटीला अडकवली. त्या दिवशी ते जेवायला बसले नाहीत.

शुक्रवारी दुपारी साहेबांच्या खोलीत चौघं होते: साहेब, ॲप बनवणारी मुलगी, वहिनी आणि भावजी. टेबलावर दुकानातली एक जर्सी, रस्त्यावरची एक, आणि दुकानातून काढून आणलेली ती काचेची चौकट.

"हा तुमच्या खोलीतला माल," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन धरला. लाल अक्षरं आली. "आणि हा बाहेरचा." खंड्या भर्रकन उडाला, पडद्यातल्या ट्यूबलाइटला वळसा घालून साहेबांच्या नावाच्या पाटीवर बसला. कोपऱ्यात कप्तान उभा राहिला आणि तू आहेस म्हणून आम्ही आहोत असं म्हणाला. त्या प्रसंगात ते फारच विचित्र वाटलं.

"पुन्हा उडवा," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी पुन्हा उडवला. कप्तानाकडे वहिनींचं लक्षच नव्हतं. त्या पंखाकडे बघत होत्या. तिसऱ्या वेळी त्यांनी फोनवर बोट ठेवून पक्षी मोठा करायला लावला, मग ओठ हलवत मोजलं. मग टेबलावरची रस्त्यावरची जर्सी, जिला एरवी त्यांनी चिमट्यानेही धरलं नसतं, ती जवळ ओढून पुन्हा मोजलं.

"साहेब, यात एक पीस कमी आहे."

साहेब अर्धे उठलेच. "कमी आहे? कधीपासून? मग इतके दिवस गप्प का बसलात?" ते मुलीकडे वळले. "लिहून घे. एक पीस कमी असल्याचं त्या स्वतः कबूल करतायत."

"तो पीस नव्हे हो साहेब! ते पीस. पंखाचं!"

मुलगी पुढे झाली. तिने दुकानातल्या जर्सीवरची पिसं मोजली. सहा. रस्त्यावरच्या जर्सीवर पाच. पडद्यावरच्या पक्ष्यालाही पाच.

"ही नकली आहे," वहिनी म्हणाल्या, "आणि तुमचा मोबाईलातला खंड्याही नकलीच आहे."

मुलगी जरा चाचरली. "सर, आम्ही तर तुम्ही दिलेल्या नमुन्यावरूनच बनवलाय. नकली जर्सी चालू नयेत म्हणून ओळख मुद्दाम कडक ठेवली."

चौघांचीही नजर काचेच्या चौकटीवर गेली. मोजायला वेळ लागला नाही. पाच.

मुलीने तोंडावर हात धरला, पण हसू सुटलंच. साहेबांचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला. "मी रस्त्यावरून घेतलेली नाही! शपथेवर सांगतो. ही क्लबचीच आहे. दोन वर्षांपूर्वी, सगळ्यांच्या फोटोच्या दिवशी, माझ्या अंगावर कॉफी सांडली होती. तेव्हा कुणीतरी... कुणीतरी अंगातली काढून दिली." कुणी दिली, ते त्यांना आठवेना. हातगाडी ढकलणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं?

वहिनींना आता आवरेना. चार दिवस जीव टांगणीला लागला होता, त्याचं उट्टं काढायची संधी समोर होती. "काढा बाहेर ती," त्या म्हणाल्या. "उलटी केली की कळतं. नकली कामात मागच्या बाजूला नुसतं दोऱ्यांचं जंजाळ असणार."

जर्सी चौकटीतून निघाली. वहिनींनी ती उलटी केली, आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

मागची बाजू स्वच्छ होती. दोऱ्याचं टोक दोनदा मागे घेऊन डावीकडे संपवलेलं. वहिनी डावखुऱ्या. शिलाईखोलीत डावीकडे दोरा संपवणारी दुसरी बाई आजवर आली नव्हती. त्यांनी खालची दुमड बघितली. तिथे इस्त्रीचा पिवळट डाग होता, त्यांच्याच घरच्या इस्त्रीचा.

नोकरीचा पहिला आठवडा. चित्राची झेरॉक्स हातात आलेली, आणि तिच्यात ते फिकट पीस उमटलेलंच नव्हतं. मुकादमबाई म्हणाल्या होत्या, "हा पीस बाद. बिल्ल्यावरून कात्री चालव आणि टाक टोपलीत." नियमच तो. बाद पीस अखंड खोलीबाहेर जाता कामा नये. पण आयुष्यात भरलेल्या पहिल्या पक्ष्यावर कात्री चालवायला वहिनींचा हात धजला नाही. त्यांनी तो पिशवीत घालून घरी नेला. भावजी तेव्हा बेकार होते. "घरात घाला, बाहेर नको," असं सांगून त्यांना दिला. आणि भावजींनी तो फोटोच्या त्या दिवसापर्यंत मिरवला होता.

म्हणजे त्या खोलीतून लपवून काही बाहेर नेलं असेल, तर ते एकट्या वहिनींनी.

त्यांनी भावजींकडे बघितलं. भावजी आपल्या नव्या बुटांकडे बघत होते. मग त्यांनी मान किंचित वर केली आणि कुणाला दिसेल न दिसेल इतपत हलवली: नका बोलू.

बोलायची गरजही नव्हती. साहेब घामाघूम झाले होते, मुलगी हसत होती, आणि वहिनी सुटल्या होत्या. पाच मिनिटांपूर्वी याच माणसाने दोघांना चोर ठरवलं होतं. भोगू दे आता त्यालाही चार दिवस, असं वहिनींना खरोखरच वाटलं. पण भावजींची मान त्यांना बघवेना.

"साहेब, ही माझी आहे," त्या म्हणाल्या. "बाद पीस होता. कापायला हवा होता, तो मी घरी नेला."

साहेबांनी भावजींना विचारलं, "तुला माहीत होतं हे?"

"काचेत लावली त्याच दिवशी ओळखली. इस्त्रीचा डाग आहे ना."

"मग बोलला का नाहीस? तुझ्यावर नाव आलं होतं!"

"बोललो असतो तर वहिनींवर आलं असतं," भावजी म्हणाले.

आपण नकली जर्सी घेणारे ठरलो नाही, याचा साहेबांना इतका आनंद झाला होता की वहिनींचं एका ताकिदीच्या पत्रावर भागलं. नऊ वर्षांतलं पहिलं. वहिनींनी तिथल्या तिथे कात्री मागितली, पण मुलीने जर्सी घट्ट धरून ठेवली. "थांबा हो, नवा पक्षी होईपर्यंत हिच्यावरच लोकांना उडवून दाखवायचंय!"

संध्याकाळी भावजी घरी आले. पिशवी खुंटीला न अडकवता त्यांनी टेबलावर ठेवली आणि उघडली. डबा काढला, कंगवा काढला, रुमाल काढला, ते फाटकं पाकीट काढलं. मग पिशवी उलटी करून झटकली.

"भावजी, हे काय? चुकलं हो माझं."

"हो," भावजी म्हणाले. "पण बघून घ्या. बघितलेलं बरं." आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच वहिनींना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवसांनी सहा पिसांचा खंड्या उडाला, शिलाईखोलीत बायकांनी टाळ्या पिटल्या, आणि त्या संध्याकाळीही भावजींनी घरी येऊन पिशवी टेबलावर रिकामी केली.

वहिनी आत गेल्या आणि आपली पिशवी घेऊन आल्या. भावजींच्या वस्तूंशेजारी त्यांनी ती पालथी केली. चष्मा, सुयांची डबी, कात्री, निळ्या दोऱ्याचं रीळ.

"बघा," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी बघायला हवी होती."

भावजींनी वहिनींच्या वस्तू एकेक करून त्यांच्या पिशवीत परत भरल्या आणि चेन लावली. स्वतःच्या वस्तूंना त्यांनी हात लावला नाही. वहिनींनी कंगवा आत ठेवला, रुमाल घडी करून ठेवला, डबा उचलला.

"तो असाच नका ठेवू वहिनी," भावजी म्हणाले. "गळतो."

वहिनींनी ते क्लबच्या शिक्क्याचं फाटकं पाकीट उचललं, त्यात डबा नीट गुंडाळला, आणि पिशवी खुंटीला अडकवली.