थोरलीचा पेला

दोघी जावांना एकाच महिन्यात दिवस गेलेले. पाचव्या महिन्यात दोघींचं रक्त सारखंच कमी निघालं, आठ पॉइंट चार. थोरलीला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. निदान या बाबतीत तरी धाकटी तिच्या पुढे नव्हती.

दोघींना लोहाच्या एकसारख्याच गोळ्या मिळाल्या. धाकटीला दुधाचा वास सोसत नव्हता, म्हणून ती सकाळी उठल्याबरोबर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर गोळी घेई. थोरलीला सासूबाई कोमट दुधाचा मोठा पेला देत. तो पेला म्हणजे थोरलीचा मान होता. धाकटी समोर असली की ती तो जरा सावकाशच पिई.

सहाव्या महिन्यात धाकटीचं रक्त नऊ पॉइंट चारवर गेलं. थोरलीचं आठ पॉइंट पाच.

थोरली कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. एकाच रंगाचा दोरा दोन लॉटमधून आला की छटा बदलते, हे तिने पंधरा वर्षं पाहिलं होतं. तिने घरी दोन्ही पाकिटं खिडकीपाशी शेजारी शेजारी धरली. कंपनी एक, नाव एक, पण मागचा छापील लॉट नंबर वेगळा. तिला हवं ते सापडलं. धाकटी अंघोळीला गेल्यावर तिने पाकिटांची अदलाबदल केली. पुढच्या महिन्याच्या गोळ्या आल्या तेव्हाही तेच केलं.

सातव्या महिन्यात धाकटीचं दहा पॉइंट तीन आलं. थोरलीचं पुन्हा आठ पॉइंट चार.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. तीन आठवड्यांत रक्त वाढायला लागलं नाही, तर शिरेतून लोह द्यावं लागेल. आणि नवव्या महिन्यातही दहाच्या खाली राहिलं, तर बाळंतपण या प्रसूतिगृहात नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात. थोरलीला डोळ्यांपुढे दिसलं ते एवढंच, की धाकटी घराजवळ बाळंत होणार, सगळी माणसं तिच्या खाटेभोवती, आणि आपल्याकडे डबा घेऊन यायलाही कुणी मोकळं नाही.

नर्सने कार्ड हातात घेऊन विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, तेही अभिमानाने. "दुधाबरोबर. मोठा पेला भरून. कॅल्शियमची गोळीही तेव्हाच देते, म्हणजे विसरायला नको."

"दूध द्या, पण या गोळीबरोबर नको. कॅल्शियमही नको, चहाही नको. लोह अंगी लागतच नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि दूध दुपारी."

सासूबाई घरी येईपर्यंत स्वतःलाच बोल लावत होत्या. फाटकापाशी धाकटी मागे थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, आता माझी पाकिटं परत द्याल ना?"

थोरलीची कानशिलं तापली. "कसली पाकिटं?"

"माझ्या प्रत्येक पाकिटाचा मी कोपरा दुमडते. तुमच्या डब्यात दुमडलेली दिसली, दोन्ही वेळा."

"मग बोलली का नाहीस?"

"गोळ्या त्याच होत्या. म्हटलं, तुमचं समाधान होतंय तर होऊ दे."

ती भांडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर अर्धं लिंबू झाकून ठेवलेलं होतं. धाकटीने तिच्यासाठी राखलेलं. थोरलीने ते तसंच राहू दिलं, नवं लिंबू चिरून पाण्यात पिळलं आणि त्या पाण्याबरोबर गोळी घेतली. पहिले दोन दिवस तिला वाटलं, हे पाणी गोळीपेक्षा कडू आहे. पण तिने एकही सकाळ चुकवली नाही.

तीन आठवड्यांनी नऊ पॉइंट दोन. नवव्या महिन्यात दहा पॉइंट दोन. नर्सने कार्डावर 'प्रसूती येथेच' असं लिहिलं, आणि थोरलीने ते तिथेच उभं राहून दोनदा वाचलं. मग तिने धाकटीच्या कार्डात डोकावून पाहिलं. दहा पॉइंट नऊ.

घरी सासूबाई ज्याला त्याला सांगत होत्या, धाकटीचं पाहून थोरलीही सुधारली हो. हे वाक्य आता जन्मभर ऐकायचं होतं.

धाकटीला एव्हाना दुधाचा वास सोसू लागला होता. त्या दुपारी चार वाजता सासूबाईंनी ओट्यावर दोन पेले ठेवले. थोरली वाकली, दोन्हींतलं दूध एका पातळीत आहे का ते तपासनिसाच्या नजरेने पाहिलं. होतं. मग तिने आपला नेहमीचा पेला उचलला आणि सावकाश पिऊ लागली.