जावईबापूंचा गुलाबी शर्ट

खंडेराव सातपूरच्या कारखान्यात टर्नर होता, पण सासुरवाडीत पाऊल टाकलं की थेट मॅनेजर व्हायचा. त्यात नव्याण्णव सालचा धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला साक्षात नारायणाचा मान. तीन महिने त्याने बायकोच्या, छायाच्या, कानाशी एकच भुणभुण लावली होती. "धोंड्याला जावयाला अंगठी घालतात म्हणे. आमच्या शिफ्टमध्ये माझंच बोट तेवढं भुंडं." आता हे ऐकून कुणाला दया येणार नाही?

सायखेड्याला सासूबाईंनी, लंकाबाईंनी, पाय धुतले, पुरणाचे धोंडे वाढले. पठ्ठ्याने नऊ हाणले. मग लंकाबाईंनी पदराखालून एक हात बाहेर काढला. त्यात शर्ट होता. कोरा, कडक इस्त्रीचा आणि गुलाबी.

"नाशिकला जाऊन चार दुकानं पालथी घातली, जावईबापू. तुमच्या अंगाला लय खुलंल."

"मामी, हा बायकांचा रंग!" खंडेराव कडाडला. "हा घालून गेलो तर कारखान्यातली पोरं मला बांगड्या भरतील. आपलं एक तत्त्व आहे, बायकांचं ते बायकांनी घालावं."

याच तत्त्ववेत्त्याने वैशाखात चुलतभावाच्या वरातीत गुलाबी फेटा बांधून बँडपुढे दोन तास कंबर हलवली होती. पण फेटा डोक्यावर असतो, आणि तत्त्वाचा डोक्याशी संबंध तो काय!

छायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई महिनाभर त्या शर्टाबद्दलच बोलत होती.

लंकाबाईंनी शर्ट खाटेवर ठेवला. पदराखालचा दुसरा हात बाहेर आला. त्यात लाल डबी, आणि डबीत चांगली जाडजूड अंगठी. खंडेरावचं बोट आपोआप पुढे झालं.

"आता गं बया! मी बी किती येडी," लंकाबाई म्हणाल्या. "सोनं तर पार बायकांचंच की. तुमचं तत्त्व मोडलं तर मला पाप लागंल. छाये, बोट कर हिकडं."

खंडेरावने अंगातला सदरा भिरकावला आणि गुलाबी शर्ट चढवला. बटणं खालीवर लागली. "बघा मामी, खुलतोय की! रंगात काय असतं?"

"दृष्ट लागंल माझ्या जावयाला," असं म्हणून लंकाबाई खरंच मीठमोहऱ्या आणायला आत गेल्या. अंगठी मात्र छायाच्या बोटात गेली ती गेलीच.

परतीच्या वाटेवर चांदोरीच्या फाट्याला खंडेरावने मोटारसायकल थांबवली आणि हात मागे केला.

"दे आता. तुला सैल होतेय ती."

छाया अंगठीला दोराच गुंडाळत बसली होती. तिने दाताने गाठ करकचून आवळली.

"आईचं तोंड बघवलं नाही मला," ती म्हणाली. "बायकांचं ते बायकांनी घालावं. मारा किक."