अर्धी त्याची, अर्धी याची

मित्रांनो, जुनं म्हणावं असं माझ्यात आता फारसं उरलेलं नाही. तरीही लोक मला जुनी स्पोर्ट्स कार म्हणतात. दोन दारं, दोन आसनं आणि लांबलचक नाक. बसणारे दोन आणि बघणारे दोनशे, असा माझा संसार.

तरुणपणी माझ्या इंजिनावर जुळ्यांसारखे दोन कार्ब्युरेटर होते. हवेत पेट्रोल कालवून इंजिनाला भरवणं हे त्यांचं काम. दोघे एका लयीत श्वास घेत, म्हणून माझा आवाज भरदार आणि गोड होता. रविवारी मालक आणि बाई मला घेऊन टेकडीवर बाईंच्या थोरल्या बहिणीकडे जात. शेवटच्या वळणावर मी ऐकू आले, की ती दार उघडून उभी राही.

मालक गेले आणि त्यांच्या दोन मुलांनी वाटणी केली. वरचा मजला थोरल्याचा, खालचा धाकट्याचा. खुर्च्या निम्म्या-निम्म्या. मी करवतीने कापण्यासारखी नव्हते, म्हणून मला तोंडीच कापलं. डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. बॉनेटखाली पुढचं थोरल्याचं, मागचं धाकट्याचं. दोघेही मला मन लावून पुसत, पण फडकं नाकाच्या मध्यावर थांबे. तिथे धुळीची एक सरळ रेघ आहे. तिच्यावर कोणीच हक्क सांगितलेला नाही.

पुढे कार्ब्युरेटर झिजले. मिस्त्री म्हणाला, "बदलायचे तर जोडीनं बदला." भावांचा अबोला असल्यामुळे त्याने हे दोघांना वेगवेगळं सांगितलं. दोघांनी निमूटपणे आपापल्या वाटणीचा एकेक आणला. थोरल्याचा कुठल्याशा मोठ्या मोटारीचा, धाकट्याचा एका चिमुकल्या व्हॅनचा.

"साहेब, ही जोडी आहे का?" मिस्त्रीने थोरल्याला विचारलं.

"माझा चांगला आहे. त्याला बदलायला सांगा."

धाकटाही फोनवर शब्दन्‌शब्द हेच म्हणाला. शेवटी एकाच आईची लेकरं.

मग मिस्त्रीने कानशीने भोकं मोठी केली, मध्ये पत्र्याची चकती सरकवली, वरून दोन ठोके दिले आणि म्हणाला, "बसतंय की!" मित्रांनो, मला आयुष्यात सगळ्यात जास्त दुखापत याच शब्दांनी केली आहे.

तेव्हापासून माझे पुढचे दोन सिलिंडर अधाशासारखे पितात आणि मागचे दोन उपाशी राहतात. मी खोकते, अडखळते, काळा धूर ओकते. हा थकवा वयाचा नाही. दिवसभर स्वतःशीच ओढाताण केली, की कोणीही थकेल.

अशात बाईंच्या बहिणीने अंथरूण धरलं. नजर गेली होती, कान मात्र शाबूत होते. बाई मुलांना म्हणाल्या, "मला या गाडीतनंच न्या. ताईला एकदा आवाज ऐकू दे. तिला वाटू दे, आम्ही आलो."

"आम्ही" म्हणताना त्या माझ्या रिकाम्या स्टिअरिंगकडे बघत होत्या.

जाताना थोरल्याने चालवायचं, येताना धाकट्याने, असं ठरलं. धाकटा माझा धूर गिळत मागून स्कूटरवर आला. शेवटच्या वळणावर मी जीव एकवटून जुना आवाज काढायला गेले. जो निघाला, तो निघाला.

खिडकीतून ताईंचा आवाज आला, "कोण आहे रे? टेंपोवाल्याला म्हणावं, फाटकासमोर लावू नकोस!"

थोरल्याने मला बंद केलं. "तो खोकला मागच्याचा आहे," तो म्हणाला. "माझा नीट चालतोय."

"आणि धूर कोणाचा? तुझाच ढोसतोय ढसाढसा!"

कित्येक महिन्यांत दोघे पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते.

बाई हळूहळू उतरल्या. "गाडी तुम्ही अर्धी-अर्धी घेतलीत, घ्या. पण आवाज आमचा दोघांचा होता रे. तो कोणाच्या वाटणीला गेला तेवढं सांगा, म्हणजे त्याच्याकडे मागते."

बाई आत गेल्या. मग खिडकीतून त्यांचं बोलणं ऐकू आलं, "मीच गं, ताई. टेंपोनं आले."

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, असं मी सांगणार होते. पण माझी निगा दोघांनीही राखली, आपापल्या अर्ध्याची. म्हणून एवढंच सांगते: वस्तू दोघांची असेल, तर तिचा सुटा भाग आणण्यापूर्वी दुसऱ्याला विचारा. गोड बोलायला जमत नसेल, तर भांडत विचारा. पण विचारा.