पंधरवड्याची मांडणी

फर्निचरच्या मोठ्या दुकानात एक नियम असतो. पंधरा दिवसांवर कोणतीही वस्तू एका जागी ठेवायची नाही. सोफा तोच, कपाट तेच, पण जागा बदलली की मागल्या महिन्यात नुसतं बघून गेलेल्या गिऱ्हाइकाला माल नवा वाटतो. नवरा अशाच एका तीन मजली दुकानात मांडणीप्रमुख होता. नियम त्याने केलेला नव्हता, पण त्याच्याइतका तो कोणी पाळलाही नव्हता.

बायको इस्पितळाच्या औषधखिडकीवर होती. तिथला नियम नेमका उलटा. जी बाटली काल जिथे होती ती आज तिथेच, आणि बायको निवृत्त होईल त्या दिवशीही तिथेच. न बघता हात वर गेला पाहिजे आणि हवं तेच हातात आलं पाहिजे. हे दोन नियम एका छपराखाली बावीस वर्षं गुण्यागोविंदाने नांदले, कारण नवरा आपला नियम संध्याकाळी दुकानातच कुलपात ठेवून येत असे.

चार महिन्यांपूर्वी तो त्याला घरी घेऊन आला.

दुकानात कोणी तज्ज्ञ बाई शिकवायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की प्रत्येक माणसाची घर सजवण्याची स्वतःची एक स्टाईल असते, ती आत दडलेली असते आणि बहुतेक लोक ती न सापडताच मरतात. एवढं ऐकल्यावर नवऱ्याला घास गोड लागेना. जन्मभर दुसऱ्यांची घरं मांडली आणि आपली स्टाईल आपल्यालाच ठाऊक नाही, म्हणजे जगाला जेवू घालणारा आचारी आणि स्वतःच उपाशी. बाईंनी वीस प्रश्नांचा कागदही दिला होता. तुम्ही स्वतःला डोंगर समजता की सरोवर, असले प्रश्न. उत्तरं जुळवून निकाल आला, 'मिश्र'. बायकोला वाटलं, सुटलो, मिश्र म्हणजे आहे तसं. नवऱ्याला वाटलं, मिश्र म्हणजे सगळं करून बघायची मुभा.

मग सुरू झालं. पहिला पंधरवडा 'मोजकेपणा'चा. घरातल्या निम्म्या वस्तू माळ्यावर गेल्या, त्यात गाळणंही गेलं. दुसरा 'समुद्रकाठा'चा, निळ्या उशा आणि काचेच्या वाडग्यात शिंपले. तिसऱ्याचं नाव 'कारखाना'. बैठकीच्या खोलीत उघडा दिवा असा लोंबकळत होता की पाहुण्याला चौकशीला बसवल्यासारखं वाटे. बायको टिपण ठेवणारी होती. तिच्या मोजणीप्रमाणे आजवर सोफ्याने सहा जागा पाहिल्या होत्या, टीपॉयने अकरा, आणि फोनचा चार्जर तर बेपत्ताच होता.

"अहो, एकदा काय ते ठरवा ना," ती म्हणे.

"ठरवायचं नसतं ते. सापडावं लागतं."

"मग सापडेपर्यंत ते दुकानात शोधा. इथे माणसं राहतात."

हा सगळा वैताग सोसण्यातला होता, कारण बायको डोळस होती. सासूबाईंचं तसं नव्हतं. त्यांना काचबिंदू होता. दोन्ही बाजूंचं दिसणं गेलं होतं, समोर नाण्याएवढा उजेड उरला होता. टपाल कचेरीत पत्रं खणांत टाकण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, तेव्हा पाठ करण्याची सवय होतीच. पलंगापासून दार पाच पावलं, दारातून खुर्ची चार, खुर्चीच्या पाठीला हात लावून डावीकडे वळायचं, तिथून न्हाणीघर सहा. एवढं पाठ असलं की त्यांना कोणाचा हात लागत नसे, आणि कोणाचा हात न लागणं हीच त्यांची श्रीमंती होती.

आठवा पंधरवडा 'शांतते'चा होता. नवऱ्याने गुडघ्याच्याही खाली येईल असं एक बुटकं टेबल आणून वाटेत ठेवलं, त्यावर एकच वाळकी फांदी. मंगळवारी सकाळी सासूबाई त्यावर आपटल्या. नडगीला चार टाके पडले. फांदी शाबूत राहिली.

तासाभरात नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा फोन. "रविवारी येतेय. आईला स्वतःच्या घरात एकटीने न्हाणीघरापर्यंत जाता येत नसेल, तर पाचच्या गाडीने मी तिला घेऊन जाणार. मग कोणी मधे बोलायचं नाही."

सासूबाईंनी ते ऐकलं आणि सुनेला जवळ बोलावलं. "मला तिकडे नाही जायचं गं."

"ताई चांगलं बघतील तुमचं."

"चांगलंच बघते, तेच तर. अकरावा मजला, खाली उतरायचं तर कोणीतरी सोबत. आणि माझ्याशी बोलते कशी? हळू... हळू... मोठ्यांदा. माझे डोळे गेलेत, कान नाही गेले. एकदा तिथे ठेवलं की मी ठेवलेलीच राहीन."

बायकोने नवऱ्याला समोर बसवलं. "घर आता आहे तसं राहणार. ते टेबल बाहेर, बाकी कशालाही हात लावायचा नाही. म्हणा."

"नाही लावणार."

"आईंच्या देखत म्हणा."

"आई, हात लावणार नाही."

"तू शाळेतही असंच म्हणायचास," सासूबाई म्हणाल्या.

शनिवारी बायकोने रजा टाकली आणि सासूबाईंकडून तालीम करून घेतली. पाच, चार, हात, वळण, सहा. पहिल्या दोन फेऱ्यांना त्या चाचपडल्या, आठव्या फेरीला गुणगुणायला लागल्या. दहावीला म्हणाल्या, "आता चहा कर, नाहीतर मी ट्रेसारखी फिरतच राहीन."

रविवारी सकाळी इस्पितळातून बोलावणं आलं. दोन तासांसाठी खिडकीवर कोणीच नव्हतं. बायको गेली, जाताना दारातून एकदा नवऱ्याकडे बघून गेली. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे.

ती परतली तेव्हा नणंद आलेली होती, चहाही झाला होता. नवरा इतका खुशीत होता की बायकोला शंकाच आली.

"चल आई," नणंद म्हणाली, सावकाश आणि मोठ्यांदा. "न्हाणीघरापर्यंत जाऊन दाखव. कोणी धरायचं नाही."

सासूबाई उठल्या. पाच पावलं, दार. पुढे चार. चौथ्याला त्यांनी उजवा हात सहज बाजूला टाकला, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर टाकावा तसा.

हाताखाली हवा होती.

त्या थांबल्या. हात तसाच अधांतरी राहिला, बोटं थोडी उघडझाप करत. चार टाक्यांचा पाय पुढे यावा की नको, ते पायाला कळेना. खुर्ची होती, पण दोन विती पलीकडे, खिडकीच्या बाजूला.

"खुर्चीचा पत्ता बदलला वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "बदलला की आधी कळवायचं असतं."

आवाज नेहमीचाच होता. मान मात्र कधी नव्हे ती खाली गेली होती. बायको पुढे धावली, त्यांचा हात धरला आणि त्यांना बसवलं. म्हणजे हात लागलाच.

"बॅग कुठे आहे हिची?" नणंद म्हणाली.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही आईंना शब्द दिला होता."

"मी कुठे हलवली? फक्त दोन विती. आधीच्या जागी उजेड मागून पडत होता, खुर्ची मेलेली दिसत होती. ताई येणार म्हणून..." त्याला खरोखरच कळत नव्हतं. "दुकानात एका हाताच्या आतलं हलवणं म्हणजे हलवणं धरतच नाहीत. ते धूळ पुसण्यात धरतात."

"पुसण्यात," बायको म्हणाली. "तुम्हाला जिथे खुर्ची चांगली दिसते ना, तिथे आईंना ती दिसतच नाही. त्यांना ती हाताला लागते. लागली तर घर, नाही लागली तर तो अकरावा मजला. आता सांगा, दोन विती किती होतात?"

नवरा आईच्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला. तो हात अजूनही मांडीवर उताणा पडला होता. मग तो उठला आणि माळ्यावर चढला. शिंपले खाली आले, निळ्या उशा आल्या, हरवलेला चार्जरही आला, आणि सगळ्यांच्या मागून ड्रिल मशीन.

"आई, उठ. परत दारातून ये."

"आता काय करायचंय?"

"तू ये. हात आपोआप जिथे पडेल तिथे थांब."

सासूबाई आल्या. हात पडला. नवऱ्याने खुर्ची त्या हाताखाली सरकवली, तळाशी लोखंडी पट्ट्या लावल्या आणि फरशीला भोकं पाडून ती चार स्क्रूंनी पक्की केली. बैठकीच्या खोलीत भांड्यांच्या कपाटाला पाठ देऊन, भिंतीला तोंड करून बसलेली खुर्ची. मांडणीचं काम करणाऱ्या कोणाही माणसाला ती बघून रडू आलं असतं, त्याला येत होतंच, पण तो स्क्रू पिळत राहिला. मग सोफा. मग टीपॉय, भिंतीला चिकटून. सासूबाई चालत होत्या, थांबत होत्या, "इथे नको, कोपर लागतं," "हं, इथे" म्हणत होत्या, आणि तो त्यांच्यामागे गुडघ्यांवर सरकत होता. घरभर सिमेंटची धूळ झाली.

"वेडा झालाय हा," नणंद म्हणाली.

"आज नाही," बायको म्हणाली. "चार महिने होते. आज वेड उतरतंय."

साडेतीनला सासूबाईंनी ती वाट तीनदा चालून दाखवली. तिसऱ्यांदा मुलीने "सावकाश" म्हटलं, तेव्हा त्या मुद्दाम भराभर गेल्या आणि आतून कडी लावून घेतली. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नणंदेने पर्स उचलली.

"एक महिना बघते," ती भावाला म्हणाली. "मग न सांगता येईन. खुर्ची तसूभर हललेली दिसली, तर आईला नेईन आणि खुर्चीही नेईन." ती पाचच्या गाडीने एकटी गेली.

संध्याकाळी ताटं काढायला बायकोने भांड्यांच्या कपाटाचं दार ओढलं. ते वीतभर उघडलं आणि खुर्चीच्या पाठीवर टक्कन आपटून थांबलं. तिने पुन्हा ओढलं. पुन्हा टक्क. इतके दिवस खुर्ची क्षणभर पुढे ओढून परत जागेवर ठेवता येत असे.

नवरा मागे येऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत तिला ती जुनी चमक दिसली. "चार स्क्रू तर आहेत," तो हळूच म्हणाला. "अर्धा हात इकडे घेतली की दार पूर्ण उघडेल, आणि खरं सांगू, उजेडही..."

"हात लावून तर बघा."

तिने फटीतून कोपरापर्यंत हात घातला, न बघता ताट चाचपून आडवं केलं आणि बाहेर ओढलं. कोपर सोलवटलं. पलीकडून सासूबाई विचारत होत्या, वाढायला इतका वेळ का लागतोय. बायकोने दातओठ खाऊन दुसऱ्या ताटासाठी हात आत घातला.