पासचे पेढे

चंपाबाई गजभिये दुसरी पास होत्या. तिसरीत नाव घालायच्या आधीच बापाने वीटभट्टीवर नेऊन उभं केलं, तरी 'शाळा सोडली' असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "सोडली नाही, सोडवली. आणि सोडवली तेव्हा पास होते," हे त्या समोरच्याला ऐकवूनच दम घेत.

त्यामुळे येरवड्यातल्या त्या दोन खोल्यांत 'पास' या शब्दाचा मान मोठा. नवरा, तात्याराव, होते तोवर प्रत्येक निकाल काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावायचे आणि चंपाबाई गल्लीभर पेढे वाटायच्या. मुलगा संतोष दहावी दुसऱ्या खेपेला पास झाला, तेव्हाही वाटले. शेजारची हिरा म्हणाली, "दुसऱ्या खेपेचे पेढे?" तर चंपाबाईंनी तिच्या हातातला पेढा काढून घेतला. "मग पहिल्या खेपेला थांब, तुझ्या घरी कुणी झालं तर."

बाकी पास त्या वापरायच्या, पण त्यांना भाव द्यायच्या नाहीत. कंडक्टरपुढे ज्येष्ठ नागरिकाचा पास असा धरायच्या, की वॉरंट दाखवणाऱ्या पोलिसाने शिकून घ्यावं. भाच्याची रिक्षा पासिंगला गेली की म्हणायच्या, "रिक्षा पास होते, चालवणारा कधी होणार?"

तर आता नातीसाठी, संतोषच्या आम्रपालीसाठी, स्थळं बघणं चाललं होतं. स्थळ कोथरूडचं. मुलगा अभय रामटेके, आयटीत. माणसं भंडाऱ्याकडचीच, आपल्यातलीच, पण मुलाची आई श्यामलाबाई कोथरूडला राहायला गेल्यापासून भंडारा नकाशात शोधायला लागल्या होत्या. बघायला आल्या तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकल्या, जणू मागे ओला रंग लावलाय.

"येरवडा म्हणजे जेलजवळ का हो?"

"जवळच. पण आम्ही भिंतीच्या बाहेरच्या बाजूला राहतो," चंपाबाई म्हणाल्या.

श्यामलाबाईंनी पोहे चाखले. "मीठ बेताचं घातलंत ते बरं केलंत. मला बीपी आहे."

"दिसतंच."

दुसरी कुणी असती तर स्थळ तिथेच सोडून देती. पण चंपाबाईंनी त्या दिवशी मनात गाठच मारली. ज्या बाईने आपली खुर्ची पाठीला लागू दिली नाही, तिच्याच घरात आपली नात मालकिणीसारखी बसवायची. लग्न नातीचं होतं, हट्ट आजीचा.

रविवारी आम्रपाली आणि अभय बाहेर कॉफीला भेटले. ती घरी आली ती फोनवर बोलतच. पलीकडे तिची मैत्रीण निकिता होती. चंपाबाई ओट्याशी मेथी निवडत होत्या, कान दाराला लावून.

"हो गं, मी पास म्हटलं त्याला. सरळ तोंडावर."

मेथी राहिली बाजूला. पोरीने फोन ठेवल्या ठेवल्या चंपाबाई पुढ्यात. "काय म्हणालीस त्याला?"

आम्रपाली सावध झाली. आजीचा आवाज चढायची वाट बघत म्हणाली, "पास म्हटलं, आजी."

"नक्की? उद्या फिरशील."

"नाही फिरणार. मनापासून म्हटलंय. आता हा विषय नको, प्लीज."

"बरं बाई, नको तर नको," चंपाबाई म्हणाल्या आणि चक्क तिच्या पाठीवरून हात फिरवला. आम्रपालीला वाटलं, इतक्या सोप्यात सुटले? तिने वादावादी नको म्हणून पुढे चकार शब्द काढला नाही.

सोमवारी घरातले सगळे कामावर गेले आणि चंपाबाईंनी पेढे आणले. बावीस घरं केली. "पोरीने मुलगा पास केला. कोथरूडचा," असं प्रत्येक दारात, हिराच्या दारात दोनदा. मग दोन बस बदलून कोथरूड गाठलं. श्यामलाबाई घरी नव्हत्या. वॉचमनच्या टेबलावर स्टीलचा डबा ठेवून चंपाबाईंनी निरोप दिला, "येरवड्याहून आलेत म्हणावं. खाताना पाठ टेकून बसा."

मंगळवारी संध्याकाळी श्यामलाबाई तो डबा पिशवीत घालून दारात. संतोष आणि सूनबाई अजून यायचे होते. आम्रपाली नुकती ऑफिसातून येऊन चहा गाळत होती.

"डबा द्यायला आले. रिकामा कसा द्यायचा, म्हणून शेव घातलीय. विकतची." श्यामलाबाई या खेपेला खुर्चीत नीट बसल्या, हेच आधी चंपाबाईंना खटकलं. "कमाल आहे हं तुमची. अभय म्हणाला, आई, ती पास म्हणाली. मी म्हटलं, संपलं. आणि बाहेरून घरी येते तर वॉचमनकडे तुमचे पेढे!"

"मग त्यात कमाल कसली? पास म्हणाली, म्हणून पाठवले."

श्यामलाबाईंनी आधी चंपाबाईंकडे, मग आम्रपालीकडे पाहिलं आणि खळखळून हसल्या. "अहो चंपाबाई, पास म्हणजे नको! इंग्लिशमध्ये नको म्हणायची सभ्य रीत आहे ती."

आम्रपाली गाळणं हातात धरून उभी राहिली. "आजी, तू त्यांना पेढे पाठवलेस?"

"तूच म्हणालीस ना पास!"

"बदाम सात खेळताना हातात पान नसलं की तू काय म्हणतेस?"

"पास."

"मग? तेच म्हटलं मी."

चंपाबाईंना बसावंसं वाटलं. पण ती बाई बसलेली असताना बसायचं नव्हतं. एका अक्षराचाही फरक नाही, आणि एक म्हणजे पोर गेली, दुसरं म्हणजे पोर राहिली. बावीस घरं डोळ्यांपुढून सरकली. तेविसावं समोर बसलं होतं.

"असू द्या, मी काही मनावर घेत नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. "मुलं काय, काहीही बोलतात. पेढे वाटून झालेत. आता मागे फिरलात तर हसं तुमचंच होईल, आमचं नाही. तेव्हा आपण मोठ्यांनीच ठरवून टाकू. एवढंच, की पत्रिकेवर पत्ता तुमच्या धाकट्या मुलाचा घालू. बिबवेवाडीचा."

"का? संतोषचं घर काय वाहून गेलं?"

"तसं नाही हो. येरवडा वाचलं की आमच्या सोसायटीतले विचारतात, सुटून कोण आलं? चेष्टेतच, पण उगाच कशाला."

"हेच अभय बोलला रविवारी," आम्रपाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तरी कप बशीवर वाजला. "वर म्हणाला, लग्नानंतर तू पण बिबवेवाडीच सांगत जा. म्हणून मी पास म्हटलं. तुला सांगितलं असतं, पण तू पाठीवरून हात फिरवलास. मला वाटलं, तुला कळलं."

चंपाबाईंना नातीचा भयंकर राग आला. घरात दुसरी पास बाई बसलेली असताना पोरगी नको म्हणायला इंग्रजीत जाते! आणि त्याहून राग आला तो आपल्याच हट्टाचा, कारण दोन मिनिटं, अगदी खरी दोन मिनिटं, त्यांनी मनात बिबवेवाडी चालवून पाहिली होती. पत्रिका काय, एकदा छापली की रद्दी. हिराला कुठे वाचता येतं.

मग त्यांनी डबा उचलला, शेव त्याच पिशवीत ओतली आणि पिशवी श्यामलाबाईंच्या मांडीवर ठेवली.

"श्यामलाबाई, आमची पोरगी देत नाही. मराठीत सांगते, म्हणजे घोटाळा नको."

"आणि पेढे?"

"ते तुमच्या पोटात गेले. काढून थोडेच मागते? मुलगी नाही म्हणाली होती, ते मला उशिरा कळलं. माझी चूक. माफी मात्र मी तिची मागेन, तुमची नाही."

"लोक काय म्हणतील याचा विचार केलात?"

"लोक माझे आहेत. तुम्ही सोसायटीचा करा."

श्यामलाबाई तरातरा उतरून गेल्या. आम्रपाली म्हणाली, "आजी—"

"गप बस! माफी मागेन म्हटलं, मागितली असं म्हटलं नाही. नको असलं की नको म्हणायचं. तोंड आहे ना? आता बावीस दारं कोण फिरणार, तुझा बाप?"

"मी येते बरोबर."

"येशीलच. तुझ्याशिवाय कशी जाते."

चपला अडकवून दोघी निघाल्या. पहिलं दार हिराचं. ती उंबऱ्यातच उभी होती, जिन्यातला आवाज ऐकून आलेली.

"काय गं चंपे, विहीणबाई तणतणत गेल्या. मोडलं वाटतं?"

"मोडायला जुळलं कुठे होतं? पोरीने नाही म्हटलं होतं, मीच उलटं ऐकलं," चंपाबाई म्हणाल्या. एवढं एक वाक्य बोलायला त्यांना जन्मात कधी नव्हते इतके कष्ट पडले, आणि ते हिराला दिसूही नये म्हणून त्यांनी लगेच पुढचं जोडलं. "हस. हसून घे पोटभर. आणि दात आत घेतलेस की बाजूला हो, मला अजून एकवीस दारं आहेत."