कानाबचे साडेआठ

ऑर्व्हलच्या स्वयंपाकघरात घड्याळं दोन आणि भांडणं छप्पन. त्याचं गाव फ्रेडोनिया पडलं अ‍ॅरिझोना राज्यात, सात मैलांवरचं कानाब युटात, आणि उन्हाळ्यात युटाचे काटे तासभर पुढे. मोबाइल बिचारा ज्या टॉवरला सापडेल त्याचा.

मोजक्याच माणसांना प्रवेश असलेल्या, लाल खडकांच्या रानात जायचा परवाना अकरा वर्षं अर्ज केल्यावर यंदा सोडतीत लागला होता. उद्या सकाळी साडेआठला कानाबच्या कचेरीत सूचना ऐकायला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि ऑर्व्हलचे डोळे चालले होते. जे बघायचं ते याच हंगामात बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"ओव्हनचं घड्याळ मी तासभर पुढे केलंय," त्याची धाकटी बहीण व्हर्लीन म्हणाली. "आता ते कानाबचं."

"मीही केलंय. मघाशी."

"म्हणजे ते आता टेक्ससचं झालं. किती दाखवतंय?"

ऑर्व्हल घड्याळासमोर बराच वेळ उभा राहिला. "तूच बघ. माझा त्याच्यावर विश्वास नाही."

"हट्टी मेला," म्हणत तिने घड्याळ नीट लावलं.

सकाळी त्यानेच तिला हलवून उठवलं. "सव्वाआठ झाले. ऊठ." व्हर्लीनने घड्याळाकडे न बघताच गाडी काढली. कचेरीला कुलूप होतं, म्हणजे सगळे निघूनही गेले असणार. ऑर्व्हल पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "गेलं सगळं. अकरा वर्षं पाण्यात."

तेवढ्यात कचेरीतला माणूस किल्ल्या घेऊन आला. "सात वाजताहेत, आजोबा. अजून दीड तास आहे." व्हर्लीनला काही उमजेना. सात?

"आलाच आहात तर हे बघत बसा. तिथे वाट आखलेली नाही, या फोटोंवरूनच चालायचं." त्याने एक कागद ऑर्व्हलच्या हातात दिला.

ऑर्व्हलने तो डोळ्यांजवळ नेला. चेहरा उजळला. "तस्संच आहे गं. पोरवयात मेंढरं चारायला जायचो, तेव्हा होतं तस्संच."

कागद उलटा होता.

सव्वाआठ कुठून आले ते व्हर्लीनला आता कळलं. कालपासून ती घड्याळांच्या नावाने बोटं मोडत होती आणि भावाला काटेच दिसत नव्हते.

"पुढे कोण चालणार?" त्या माणसाने विचारलं.

"मी," ती म्हणाली. कागद तिने सुलटा केला नाही.